मागच्या खोलीचा नळ

अकोल्यातल्या माझ्या घरासमोरचा रस्ता गेले तीन आठवडे खोदून ठेवला आहे. नवी पाइपलाइन टाकताहेत. काळ्या पाइपांची मोठमोठी वेटोळी फाटकापाशी आणून टाकली आहेत, सकाळी मशीन येतं, धडधड करत नाली खोदतं आणि जेवायच्या वेळेपर्यंत अख्खी गल्ली उलटीपालटी करून जातं. शेजारीपाजारी धुळीला वैतागलेत. मी मात्र खुर्ची टाकून बघत बसते. सून म्हणते, "आई, काय पाहून राहिल्या तुम्ही त्या खड्ड्यात?" मी म्हणते, सांधा कसा बसवतात ते पाहते. ती हसते. म्हातारीला विरंगुळा झाला, एवढंच तिला वाटतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही, की मी आयुष्यातला एक अख्खा दिवस, सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत, अशाच एका नालीत बसून काढला आहे, आणि त्या दिवसाचा मला आजतागायत कणभरही पश्चात्ताप झालेला नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे तिला वाचता येईल.

आमचं घर अमरावतीत, अंबागेटाच्या आत, एका बोळात होतं. रुंदीला जेमतेम एक खोली, लांबीला मात्र संपता संपत नसे. पुढे दादांची बैठक. दादा म्हणजे माझे वडील. ते भिक्षुकी करत, आणि शास्त्र विचारायला लोक त्यांच्याकडे तिवस्याहून, मोर्शीहून येत. सुतक किती दिवसांचं, ग्रहणात भरून ठेवलेलं पाणी चालतं का, मुलगी मामाच्या गोत्रात देता येते का, असले प्रश्न. दादा डोळे मिटून थोडा वेळ थांबत आणि मग उत्तर देत. ते थांबणं लोकांना फार आवडायचं. बैठकीमागे देवघर, त्यामागे स्वयंपाकघर, मग विहिरीचं अंगण, आणि अंगणाच्या शेवटी, संडासाच्या अलीकडे, एक पत्र्याची खोली. ह्या खोलीला घरात नावच नव्हतं. "मागे" म्हटलं की सगळ्यांना समजत असे. आईबद्दल कोणी विचारलं, "सुशीला कुठाय?" "मागे आहे." बस.

घराची सकाळ व्हायची ती विहिरीच्या गडगड्याच्या आवाजाने. त्याचं चाक एका बाजूने झिजलेलं होतं, त्यामुळे दोर ओढला की ते आधी कुरकुरायचं आणि मग एकदम किंचाळायचं. पहाटे पाचला आई पाणी ओढू लागे आणि सातपर्यंत ओढत असे. देवाचं पाणी, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाचं, सोवळं धुवायचं, प्रत्येकाची घागर वेगळी आणि प्रत्येक घागरीची जागा वेगळी. आईचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे आमच्या विहिरीचं गोड पाणी तिला फार मोठं वाटे. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिले दोन दिवस ती उगाचच पाणी पीत होती, असं अक्का सगळ्यांना हसून सांगत.

अक्का म्हणजे दादांची मोठी बहीण, माझी आत्या. लहान वयात नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्याच. दादांचे आईवडील लवकर गेले, म्हणून दादांना वाढवलं ते अक्कांनी. त्यांची मुंज, त्यांचं पाठशाळेत जाणं, त्यांचं लग्न, सगळं अक्कांनी केलं. दादा शास्त्रात कोणापुढे हार जात नसत, पण अक्कांसमोर त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. अक्का वाईट नव्हत्या, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. त्यांच्या हातचा गोळाभात मी नंतर कुठेही खाल्ला नाही. हरभऱ्याच्या डाळीचे गोळे तोंडात टाकताच विरायचे, वरून लसणाची फोडणी नाही, कारण अक्कांना लसूण वर्ज्य, नुसतं हिंग आणि मोहरीचं कडकडीत तेल. उन्हाळ्यात कैरीचा तक्कू करून त्या मला आधी वाटीभर देत आणि मग बरणीत भरत. पण घर कसं चालायचं ते त्या ठरवत, आणि ते त्यांना त्यांच्या आजेसासूने जसं शिकवलं होतं तसंच चालायचं. त्यात तसूभर फरक नाही.

त्या शिकवणुकीतच ती मागची खोली होती. महिन्याचे ते तीन दिवस आई तिथे बसे, आणि मी तेरा वर्षांची झाल्यावर मीही. एक चटई, एक घोंगडी, एक जर्मनची ताटली, एक तांब्या. दार पश्चिमेला, म्हणून दुपारी पत्रा तापला की आत बसवत नसे. जेवण दुरून सरकवत. पाणी मात्र कोणीतरी येऊन वरून तांब्यात ओतायचं. ओतणाऱ्याचं भांडं आपल्या तांब्याला लागता कामा नये. त्यामुळे अर्धं पाणी बाहेर सांडायचं. पण मला त्या सांडण्याचं काही वाटत नसे. मला चीड यायची ती मागण्याची. "पाणी वाढा हो कोणीतरी," असं ओरडावं लागायचं, आणि ते ओरडताना आवाज असा लाचार करावा लागायचा की तो स्वतःच्या कानाला सोसायचा नाही. मोठ्याने हाक मारली तर अक्का म्हणत, "काय बोंबलून राहिली? येतो ना." हळू मारली तर कोणाला ऐकू जायची नाही. नक्की केवढ्या आवाजात मागितलं म्हणजे पाणी मिळतं, हे त्या घरात मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग तो चैत्रातला दिवस आला. दादा आणि अक्का मोझरीला गेले होते, मी शाळेत. आई मागे होती आणि तिला सकाळपासून कणकण होती. जाताना अक्कांनी तांब्या भरून दिला होता. तो मांजराने पाडला. मी चार वाजता घरी आले तर आई चटईवर कुशीवर पडलेली, ओठ पांढरे, डोळे उघडे. मला पाहून म्हणाली, "आली का बाई? थोडं पाणी वाढ." मी वाढलं. तीन तांबे वाढले. तिसऱ्यानंतर ती उठून बसली. विहीर तिथून आठ पावलांवर होती. दोर लावलेला, बादली भरून काठावर ठेवलेली. घरात चिटपाखरू नाही. मी तिला रागानेच विचारलं, "काऊन नाही घेतलं? कोणी पाहत होतं का?"

"मी होती ना पाहायले," आई म्हणाली.

मला तिचा इतका राग आला की मी दप्तर आपटलं. आज तिच्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाले आहे, आणि तरी ते वाक्य आठवलं की पहिल्यांदा रागच येतो. नंतर बाकीचं काहीतरी येतं. पण त्या दिवशी मी एक ठरवलं. त्या खोलीत पाणी आलं पाहिजे. मागावं न लागता, कोणी ओतावं न लागता, खोलीतल्या खोलीत. कसं, ते मला ठाऊक नव्हतं. पण त्यानंतर दुसरं काही डोक्यात शिरेना. माझी मॅट्रिकची परीक्षा झाली ती अशीच, अर्धं डोकं घागरीत ठेवून.

आणि त्याच उन्हाळ्यात नगरपालिकेची मोठी लाइन आमच्या बोळात आली. विहिरीला त्या वर्षी तळ लागला होता, तळाशी उरलेलं पाणी गढूळ, म्हणून दादांनी नळ घ्यायचं ठरवलं. अक्कांनी आधी मोडता घातला. नळाचं पाणी कुठून येतं, कोणाकोणाच्या हातून येतं, वगैरे. दादांनी डोळे मिटून, थोडं थांबून सांगितलं की वाहत्या पाण्याला दोष नाही. अक्कांनी ते मानलं. पण पाइप दारात आले तेव्हा त्यांनी प्रत्येक पाइपाच्या तोंडात पळीभर गंगाजल ओतलं. त्यांचं होईपर्यंत फिटर टोपी काढून बाजूला उभा राहिला.

हा फिटर देवराव. मूळचा अकोल्याकडचा, उंच, वाळलेला, कानात बिडी खोचलेला. एकटाच काम करायचा. बोळातून घराच्या कडेने अंगणातल्या मोरीपर्यंत नाली खोदायची होती, चांगली कंबरभर खोल. मी विचारलं, एवढी खोल कशाला? तर हातातली लोखंडी सब्बल टेकवून म्हणाला, "हे काळी माती हाय बाई. हे उनायात फाटते अन् पावसायात फुगते. वरवर पाइप टाकला का दोन वर्सात मोडते. खाली घालाचा, खाली मुरूम टाकाचा, मंग ते हालली तरी पाइपाले फरक पडत नाही." मला हे फार आवडलं. परीक्षा संपली होती, दुसरं काम नव्हतं, मी दिवसभर नालीच्या काठावर बसून राहू लागले. दोन पाइप जोडताना आट्यांवर सुतळीचा धागा कसा गुंडाळायचा, त्यावर सफेत्याचा पांढरा लेप कसा लावायचा, पाना कुठपर्यंत आवळायचा आणि कुठे थांबायचं. पाइप वळवायचा असला की एल्बो. आणि एका पाइपातून दोन दिशांना पाणी न्यायचं असलं की इंग्रजी अक्षरासारखा दिसतो तो तुकडा, टी.

"म्हणजे," मी विचारलं, "मोरीपाशी न थांबता पुढे त्या पत्र्याच्या खोलीतही नेता येईल?"

देवरावने खोलीकडे पाहिलं. ती कशाची खोली आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. अंगणात चार दिवस काम करत होता, चटई वाळत घातलेली त्याने पाहिली होती. म्हणाला, "नेता येते ना. दोन पाइप शिल्लक हायेत. फक्त मले एक टी लागन. गुरुजीले इचारून घ्या."

मी विचारायला गेले. दादा बैठकीत मोर्शीच्या दोन यजमानांबरोबर लग्नाचा मुहूर्त काढत बसले होते, मांडीवर पंचांग. मी दारातच उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, देवराव म्हणतात एक टी लागेल."

दादांनी पंचांगातून डोकंही वर काढलं नाही. "मग मला काय विचारतेस? दे की. एक काय, दोन दे. उन्हात राबून राहिला बिचारा."

आता इथे माझ्यावर आळ येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. दादा चहाचं बोलताहेत हे मला त्याच क्षणी समजलं होतं. आमच्या घरी चहाला कोणी टी म्हणत नसे, पण दादांना वाटलं असणार, फिटर आहे, नव्या पद्धतीचा माणूस आहे, म्हणत असेल. मी खोटं बोलले नाही. मी फक्त त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. "बरं" म्हणून मागे वळले, आणि अंगणात येईपर्यंत पळाले नाही, हीच माझी त्या दिवशीची सर्वांत मोठी कमाई.

देवरावने पोत्यातून टी काढली. उरलेली नाली दुसऱ्या दिवशी सकाळी खोदून झाली, पाइप बसला, खोलीत भिंतीच्या कडेने वर आला आणि त्याच्या टोकाला पितळेची तोटी लागली. अक्का त्या सकाळी देवळात कीर्तनाला गेल्या होत्या. अकरा वाजता आल्या. त्याच वेळी दादाही सोवळं बदलून अंगणात आले, काम कुठवर आलं ते पाहायला. देवरावकडे पाहून प्रेमाने म्हणाले, "काय देवराव, टी मिळाली का काल?"

"भेटली ना जी," देवराव म्हणाला. "बसवली बी."

"बसवली?"

"हो. एक नंबर बसली."

दादांनी नालीत पाहिलं. मोरीकडे जाणारा पाइप पाहिला, त्यातून फुटून पत्र्याच्या खोलीकडे गेलेला दुसरा पाइप पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसू असावं, पण तेवढ्यात अक्कांनीही पाहिलं.

"हे काय?" अक्का म्हणाल्या. "मागे काऊन नेलं? ह्या टोकाले तिनं शिवलं का त्या टोकाले देवाच्या घागरीत गेलं! पाणी त एकच हाय ना? काढ म्हणावं ते!"

मी म्हणाले, "अक्का, बोळातल्या मोठ्या पाइपाला सगळी घरं जोडलेली आहेत. सगळ्या घरांत बाया आहेत. आपल्या नळाला रोज कोणी ना कोणी दूर बसलेली जोडलेली असणारच. मग गावभर खोदायला लावा."

"दुसऱ्याचं दुसऱ्याले. आपल्या घरात आपण पाहाचं."

"दादाच म्हणाले वाहत्या पाण्याला दोष नाही."

अक्का दादांकडे वळल्या. दादांनी डोळे मिटले. ते थांबले. मी त्यांच्या त्या थांबण्यावर आयुष्यात एकदाच भरवसा ठेवला, तो तेव्हा. पण दादांनी डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "देवराव, ती टी काढून टाका. तिथे साधा सरळ जोड लावा." आणि मग अगदी हळू, मला, "घरात तंटा नको, कुंदा."

देवरावने पाना उचलला. मी नालीत उडी मारली आणि त्या सांध्यावर, टीच्या बरोबर वर, मांडी घालून बसले.

"मला कावळा शिवला," मी म्हणाले. "आत्ताच."

कावळा शिवलेल्या बाईला कोणी हात लावायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम, आणि तो मी केलेला नव्हता, अक्कांनीच घालून दिलेला होता. मला ओढून काढायचं तर शिवावं लागणार. शिवलं की अंघोळ, सोवळं गेलं, देवपूजा खोळंबली. दादांना त्या दिवशी दुपारी एका घरी वास्तूसाठी जायचं होतं. ते दोन पावलं मागे सरकले. अक्का नालीच्या काठावर आल्या आणि तिथेच थांबल्या.

"खोटं बोलून राहिली!" त्या म्हणाल्या.

"मग शिवून पाहा," मी म्हणाले.

देवराव पाना हातात धरून उभा होता. त्याला शिवाशिवीचं काही नव्हतं. पण तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पोरीच्या अंगाले मी कसा हात लावू? ते मले जमत नाही." आणि सावलीत जाऊन बसला.

मला खरंच कावळा शिवला होता की नाही, हे नंतर पुष्कळांनी विचारलं. माझ्या नवऱ्याने विचारलं, मैत्रिणींनी विचारलं. कोणालाही सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. ती गोष्ट माझी आहे. तपासायला येण्याची कोणाची हिंमत नव्हती, आणि ज्या नियमाने आईला आठ पावलं चालू दिली नव्हती, तोच नियम त्या दिवशी मला जागेवरून हलवू देत नव्हता, एवढं मला पुरे होतं.

अक्कांनी मग वेगळा डाव टाकला. "राहा बसून," त्या म्हणाल्या. "कोणी तिले पाणी द्याचं नाही. तहान लागन तेव्हा उठते बरोबर." नळाला पाणी संध्याकाळी पाचला यायचं. देवराव म्हणाला होता की पाणी सोडून सांधे पाहिल्याशिवाय नाली बुजवायची नाही. म्हणजे मला पाचपर्यंत बसायचं होतं. पाणी आलं, एकदा त्या तोटीतून वाहिलं, की मग बघू काय काढतात ते, असा माझा हिशोब. तो फारसा शहाणपणाचा नव्हता. वैशाखातलं ऊन होतं. बारा वाजता नालीतली सावली गेली. काळ्या मातीला एक वास असतो, खोल खोदली की ती आतून ओलसर लागते, मी पाठ त्या ओल्या भिंतीला टेकवून बसले. दोन वाजता जीभ टाळूला चिकटू लागली. दादा वास्तूला निघून गेले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात माळ घेऊन बसल्या, माझ्याकडे तोंड करून. त्यांनीही पाणी घेतलं नाही, हे मी पाहिलं. मला तहानलेलं ठेवायचं तर आपणही राहायचं, असा त्यांचा न्याय होता. त्याचा मला आदर वाटतो, पण तो आज. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलत होते.

आई ह्या सगळ्यात कुठेच नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज येत होता, वरण उतरवल्याचा, परात घासल्याचा, आणि मधून मधून काहीच नाही. ती अक्कांना उलटून बोलेल असं मला वाटलं नव्हतं. तिने मला समजावायला यावं, एवढीच भीती होती. कारण ती येऊन "ऊठ बाई" म्हणाली असती तर मी उठले असते.

चारच्या सुमारास ती बाहेर आली. हातात तांब्या. अक्का चटकन म्हणाल्या, "सुशीले, मी नाही म्हटलं ना? अन् द्याचंच असन त वरून वत. शिवू नको."

आई नालीच्या काठावर आली, लुगडं सावरून खाली बसली, आधी एक पाय आत सोडला, मग दुसरा, आणि उतरली. माझ्या शेजारी बसली. तांब्या माझ्या हातात दिला, हाताला हात लावून, आणि लागलेला हात काढला नाही. मी पीत असताना तिने माझ्या मानेवरचे केस बाजूला केले. मी तिच्या पोटी जन्मले, पण तसल्या दिवसांत तिने मला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. मी पाणी पिता पिता रडले. ते उगाच लपवत नाही.

"आता मीबी शिवली," आई अक्कांकडे बघून म्हणाली.

"अगं पण, संध्याकाळचा सैपाक?" अक्का म्हणाल्या. "देवाचं कोण करन? सैपाक कोण करन?"

"माझ्याच्यानं नाही होत आज, वन्सं."

अक्का उठल्या आणि देवघरात जाऊन दार लावून बसल्या. बरोबर त्याच वेळी दादा वास्तूहून परत आले. अंगणात येऊन पाहतात तर बायको आणि मुलगी, दोघी नालीत, एका रेषेत बसलेल्या. आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. सतरा वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी तिला दादांकडे एवढा वेळ सलग बघताना पाहिलं नव्हतं, आणि दादांना तर ते अजिबात सवयीचं नव्हतं. ते विहिरीच्या काठावर बसले. पंच्याने तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

पाचला बुडाखालचा पाइप आधी थरथरला. मग त्यातून हवा सुटली, पत्र्याच्या खोलीतून खोकल्यासारखा आवाज आला, आणि मग धार पडायला लागली, बादलीत, जोरात. देवराव उठून आला, आम्हाला सरकायला सांगून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं. "थेंब नाही," म्हणाला. मग पाना खांद्यावर टाकून दादांसमोर उभा राहिला. "बोला गुरुजी. कापू का बुजवू?"

दादांनी ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. "बुजवा," म्हणाले. "अंधार पडायच्या आत."

लोक मला म्हणतात, एवढं केलंस तर ती खोलीच का नाही पाडलीस? खोली पुढे दहा-बारा वर्षं होती. मी लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हाही होती. तेव्हा मला ती पाडायची अक्कल नव्हती की छाती नव्हती, सांगता येत नाही. मला पाणी हवं होतं, ते मी आणलं. ज्यांना त्याहून जास्त हवं होतं त्यांनी ते आणावं, मी त्यांच्या नालीत येऊन बसेन, एवढं म्हणायला मी आजही तयार आहे.

त्या संध्याकाळी अक्कांनी उपास धरला. आम्ही दोघी शिवलेल्या, म्हणून मागच्या खोलीत. स्वयंपाक दादांनी केला. त्यांना प्रसादाचा शिरा शंभर माणसांचा करता यायचा, पण तिघांची खिचडी तळाला लागली. करपल्याचा वास अंगणभर पसरला. दिवे लागले तसे ते दोन ताटं घेऊन आले, खाली ठेवली, आणि दुरून आमच्याकडे सरकवली, जशी दरवेळी सरकवत तशी. मग आत गेले आणि सवयीने पाण्याचा तांब्या भरून घेऊन आले. दारात उभे राहून वाकले, वरून ओतायला.

आई जेवत होती. तिने घास खाली ठेवला नाही.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "पाणी आमचं आमच्यापाशी आहे."